‘डेडपूल’ बघायचा का? सुपरहिरोंना कंटाळलेल्या कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टरवर लाल-काळ्या पोशाखातला माणूस, पाठीवर दोन तलवारी आणि कोपऱ्यात ‘ए’. एवढं बघून निम्मी माणसं ‘पोरांचा पिक्चर दिसतोय’ म्हणून सोडून देतात. उरलेल्यांतली काही खरोखरच पोरांना शेजारी घेऊन बसतात आणि दहाव्या मिनिटाला रिमोट शोधायला लागतात. खालचे प्रश्न मुख्यतः २०१६ च्या पहिल्या चित्रपटाबद्दल आहेत. पुढच्या दोन भागांचं जिथे लागेल तिथे सांगितलं आहे. शेवट कुठेही फोडलेला नाही.

सुपरहिरोंचे पिक्चर मला झेपतच नाहीत. तरी हा बघावा का?

झेपत नाहीत म्हणूनच बघावा. या प्रकाराचा कंटाळा येण्याची कारणं ठरलेली आहेत: जग संकटात, आकाशातून उतरणारा निळा झोत, सगळ्यांचे गंभीर चेहरे, आणि आधीचे दहा पिक्चर बघितले नसतील तर कोण कुणाचा कोण हेही कळत नाही. इथे नायकाला जग वाचवायचंच नाही. विद्रूप झालेला चेहरा परत मिळवायचा आणि मग जिच्यावर जीव आहे तिच्यासमोर उभं राहायचं, एवढीच त्याची धडपड. लांबी १०८ मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या आत. शेवटी एक मोठी पडझड आहे, ती चुकलेली नाही. पण तोवर तुम्हाला त्या दोघांची काळजी वाटायला लागलेली असते, आणि साशंक प्रेक्षक तिथेच पकडला जातो. विनोदासाठी बसलेला माणूस एका प्रेमकथेत गुंतून बसतो.

गोष्ट थोडक्यात सांगा.

वेड विल्सन हा लष्करातून बाहेर पडलेला भाडोत्री लढवय्या. पैसे घेऊन लोकांना धमकावणं हा त्याचा धंदा. एका बारमध्ये त्याची व्हेनेसाशी गाठ पडते. ‘माझं बालपण जास्त वाईट होतं’ अशी दोघांची चढाओढ लागते आणि तिथूनच प्रेम जमतं. वर्षभर सुखाचं जातं. लग्नाचं ठरतं आणि वेडला कर्करोगाचं निदान होतं: यकृत, फुप्फुसं, प्रोस्टेट आणि मेंदू, सगळीकडे पसरलेला. एक अनोळखी माणूस बरा करण्याचं आश्वासन देतो. वेड त्याच्यामागे जातो आणि एका छळछावणीत अडकतो. तिथून तो बाहेर पडतो तेव्हा त्याचं शरीर कुठलीही जखम भरून काढू शकतं, पण सगळ्या अंगाची कातडी भाजल्यासारखी झालेली असते. मुखवटा चढवून, ‘डेडपूल’ हे नाव घेऊन, हे ज्याने केलं त्या फ्रान्सिसला शोधणं म्हणजे हा चित्रपट.

रायन रेनॉल्ड्स वेड आहे, मोरेना बॅकारिन व्हेनेसा, एड स्क्राइन फ्रान्सिस. दिग्दर्शक टिम मिलर, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट.

सुरुवातीला काहीच लागत नाही. आमचंच चुकतंय का?

नाही, रचनाच तशी आहे. चित्रपट मधूनच सुरू होतो. टॅक्सी, मग हायवेवरची मारामारी, आणि ती मारामारी ऐन रंगात असताना थांबवून मागची गोष्ट. परत मारामारी, परत मागची गोष्ट. ओळखायची खूण सोपी आहे. लाल पोशाख अंगावर असेल तर ‘आत्ता’, साधे कपडे आणि धड चेहरा असेल तर ‘पूर्वी’. तासाभराने दोन्ही धागे एकत्र येतात आणि पुढे सगळं सरळ चालतं. म्हणून पहिला अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवा. दोन मिनिटं नजर हटली तर आपण कुठल्या काळात आहोत ते सुटतं, आणि मग ‘काही कळत नाही’ म्हणून लोक बंद करतात.

सुरुवातीची नावं तर अजिबात चुकवू नका. एक गाडी हवेत उलटलेली, वेळ गोठलेला, आणि कॅमेरा त्या गोठलेल्या अपघातातून हळूहळू फिरतो. एकाच्या कपाळावर गाडीतलं तापलेलं सिगारेट लायटर टेकलेलं. एक कॉफीचा कप, त्यावर ‘रॉब एल.’ असं लिहिलेलं. हे रॉब लायफेल्ड, ज्यांनी फेबियन निसिएझांबरोबर हे पात्र कॉमिक्समध्ये आणलं, फेब्रुवारी १९९१ च्या अंकात. हवेत तरंगणाऱ्या पाकिटातून ‘ग्रीन लँटर्न’चं कार्ड डोकावतं. रेनॉल्ड्स २०११ मध्ये तो सुपरहिरो झाला होता आणि तो चित्रपट साफ आपटला होता. मागे चालू आहे एक जुनं, मुलायम प्रेमगीत. आणि पडद्यावर नटांची नावं येतच नाहीत, त्यांच्याऐवजी टिंगल येते: खलनायक ब्रिटिश आहे, दिग्दर्शकाला फुकट पैसे मिळतात, आणि कौतुक कुणाचं तर फक्त लेखकांचं. पुढच्या दोन तासांत कुणाचीही गय होणार नाही, हे इथेच सांगून टाकलेलं असतं.

तो मधेच कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलतो. हा काय प्रकार?

नाटकवाले याला चौथी भिंत मोडणं म्हणतात. रंगमंचाच्या तीन बाजू बंद, चौथी प्रेक्षकांकडची. ती आहे असं मानून नट काम करतात, आणि ती मोडून नट थेट तुमच्याशी बोलला की प्रेक्षक दचकतो.

ज्याने तमाशातला वग बघितलाय त्याला मात्र दचकायचं कारण नाही. राजा-प्रधानाचा प्रसंग चालू असतो, सोंगाड्या मधेच वळतो, समोर बसलेल्या पाटलाला टोमणा मारतो, कालच्या बातमीवर दोन वाक्यं टाकतो आणि काही झालंच नाही अशा थाटात परत गोष्टीत शिरतो. राजाची फिरकी घ्यायचा परवाना फक्त त्याच्याकडे. डेडपूल हा तोच सोंगाड्या आहे, फक्त इथे राजा म्हणजे पिक्चर काढणारी कंपनी. तो एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीच्या भल्यामोठ्या वाड्यावर जातो, तिथे त्याला दोघंच भेटतात. तेव्हा तो तोंडावर सांगतो की तिसऱ्याला घ्यायला कंपनीकडे पैसे नसावेत. एका जागी तर मागच्या काळात सांगत असलेल्या गोष्टीच्या आत तो पुन्हा आपल्याकडे वळतो आणि चार गुणिले चार, म्हणजे सोळा भिंती मोडल्याचा हिशेब करतो.

हे जमून जातं, कारण कधी वळायचं नाही हेही त्याला कळतं. डॉक्टरांसमोर दोघं बसलेत तो प्रसंग बघा. डॉक्टर बोलतायत, व्हेनेसा लगेच दुसरा उपाय, तिसरा उपाय शोधायला लागलीय, आणि वेड नुसता तिच्याकडे बघत राहिलाय. तिच्या चेहऱ्याचे बारकावे तो पाठ करून घेतोय. तिथे खोड्या थांबतात. चांगला सोंगाड्याही करुण प्रसंगात मागे सरतो, ते हेच.

दादा कोंडक्यांसारखा आहे म्हणे. खरं का?

अर्धं खरं. थेट प्रेक्षकांशी नातं आणि सेन्सॉरला घाम फोडणं, इथवर दोघं एका वाटेवर. पण दादांचा विनोद द्व्यर्थी होता. वरवरचा अर्थ निरागस, दुसरा ज्याला कळेल त्याला. इथे आडपडदा काही नाही, जे आहे ते उघड. दादांचे पिक्चर घरी सगळ्यांनी मिळून बघितलेत म्हणून हाही चालेल, असा हिशेब करू नका.

शिव्या आणि नको ते प्रसंग नेमके किती? स्पष्ट सांगा.

स्पष्ट सांगितलेलं बरं. शिव्या पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. रक्त हायवेच्या मारामारीत सगळ्यात जास्त. मुंडकी उडतात, माणूस साइनबोर्डवर चिकटतो, आणि पुढे नायक बेडीतून सुटायला स्वतःचाच हात मनगटातून कापतो. व्हेनेसाबरोबरचं वर्ष एका सणापासून दुसऱ्या सणापर्यंत शय्यादृश्यांच्या मालिकेतून दाखवलंय. ती विनोदी आहेत पण उघड आहेत. स्ट्रिप क्लबमधलं एक दृश्य आहे, त्यात नग्नता आहे. (मार्व्हल कॉमिक्सचे लेखक स्टॅन ली दोन सेकंद दिसतात तेही तिथेच.)

सगळ्यात जड जातो तो छळछावणीचा भाग. हवाबंद पेटीत माणसाला गुदमरेल एवढाच प्राणवायू देऊन ठेवायचं, तेही दिवस-रात्र. हा भाग विनोदी नाही आणि लांबतो. घरात नुकतंच कुणाचं कर्करोगाचं दुखणं झालं असेल, तर निदानाचा प्रसंग आणि हा भाग आधी सांगून ठेवा किंवा चित्रपट काही महिने पुढे ढकला. ज्यांना रक्ताची सवय आहे त्यांनाही इथे बेचैन होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

समोर मिसळ किंवा तांबडा रस्सा घेऊन बसू नका. जेवण आधी उरकून घ्या, नाहीतर निम्म्याच्या थोडं पुढे, ती छावणी पेटते तो प्रसंग संपल्यावर थांबवून करा. गोष्ट तिथे श्वास घेते.

शिव्यांचं आम्हा कोल्हापूरकरांना काय सांगताय?

बरोबर आहे. तालमीत, कट्ट्यावर दोन जिवलग मित्र एकमेकांना जे बोलतात ते ऐकून बाहेरगावच्या माणसाला भांडण लागलंय असं वाटतं. रांगड्या बोलीत शिवी बहुतेक वेळा राग दाखवायला नसते, जवळीक दाखवायला असते. वेडच्या तोंडच्या शिव्यांचंही असंच आहे. विझल या त्याच्या मित्राबरोबरची बोलणी ऐका. वेडचा बिघडलेला चेहरा पहिल्यांदा बघून विझल एकापाठोपाठ एक उपमा देत सुटतो. सांत्वनाचं एकही वाक्य नाही, आणि तरी त्या खोलीत एवढंच खरं सांत्वन आहे. हे पुण्या-मुंबईच्या आधी इथल्या माणसाला कळेल.

फरक आहे तो लैंगिक विनोदाचा. तो आपल्या कट्ट्यापेक्षाही पुढे जातो आणि काही जागी फक्त धक्का द्यायलाच असतो. ते काही विनोद जुने झालेत, त्यांच्यावर हसू येत नाही.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. बरोबर नेलं तर चालेल ना? अमेरिकेत तर चालतं.

नाही चालत, आणि गोंधळ होतो तो इथेच. अमेरिकेत याला ‘आर’ आहे. त्याचा अर्थ, सतरा वर्षांखालच्यांनी पालकांबरोबर यावं. आपल्याकडे ‘ए’ म्हणजे अठरा पूर्ण, आणि पालकांच्या परवानगीने तो नियम सैल होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे झाले, तिथे पालकांनी ठरवायचं असतं. ‘ए’ला मात्र ती दुरुस्ती लागू नाही. थिएटरच्या दारात वयाचा पुरावा मागतात. ऑनलाइन तिकीट काढताना कुणी अडवत नाही म्हणून माणसं घरच्या सगळ्यांची तिकिटं काढतात आणि दारात एकट्या मुलाला थांबवतात. तेव्हा पैसे परत मिळतीलच असं नाही. आधारकार्ड बरोबर ठेवा, अठरा-एकोणीस वर्षांच्या बारीक चणीच्या पोरांनी तर नक्की.

लहान मुलं तो लाल मुखवटा बघून हट्ट धरतात. घरी काय करायचं?

पोशाख लाल, डोळे पांढरे, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या मुलाला तो स्पायडरमॅनच वाटतो. मुखवटा आणून द्यायला हरकत नाही, पिक्चर लावायला आहे.

ओटीटीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल काढा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. दोन्ही केलं तरच उपयोग. नुसतं मुलांचं प्रोफाइल असलं तर पोरगं एक बटण दाबून तुमच्या प्रोफाइलमध्ये शिरतं. दुसरी फट म्हणजे ‘पुढे बघा’ची रांग. तुम्ही अर्धा बघून थांबलात की टीव्ही लावल्यावर पहिलं चित्र तेच येतं, म्हणून बघून झालं की तिथून काढून टाका. तिसरी, फोनवर डाउनलोड करून ठेवलेली प्रत, कारण मुलांच्या हातात फोन जातोच. आणि चौथी, ट्रेलर. या चित्रपटांचे प्रौढांसाठीचे वेगळे ट्रेलर आहेत आणि ते साध्या शोधातही सापडतात.

दुसऱ्या भागाची ‘वन्स अपॉन अ डेडपूल’ नावाची सौम्य आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली होती. सौम्य म्हणजे तेरा वर्षांच्या आसपास, लहान मुलांसाठी तीही नाही.

आई-वडिलांबरोबर किंवा सासरी बघता येईल का?

नका बघू. त्यांना आवडणार नाही असं नाही. एकत्र बसल्यावर कुणालाच मोकळेपणी हसता येत नाही, आणि न हसता हा पिक्चर बघणं फुकट आहे. नवरा-बायकोने बघावा, मित्रांनी बघावा. पहिल्यांदा एकट्याने बघितलात तरी उत्तम.

सेन्सॉरने कापलेला आहे का, हे कसं ओळखायचं?

‘ए’ मिळालं म्हणजे काही कापलं नाही, असा समज आहे. तो चुकीचा. प्रौढांच्या प्रमाणपत्रासाठीही काटछाट होते. थिएटरमध्ये सुरुवातीला दिसणाऱ्या प्रमाणपत्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात त्रिकोण असेल, तर काहीतरी कापलंय. घरी बघताना लांबी तपासा. पहिला भाग १०८ मिनिटांचा, दुसरा ११९. त्याहून बरीच कमी दिसली तर प्रत कापलेली आहे. शब्द मधेच गप्प होत असतील तरी तेच.

पडद्यावरच्या हिंसेला कात्री लागणं आपल्या गावाला नवं नाही. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त, १९२० साली, भीमाने केलेला कीचकवध इतका अंगावर येणारा होता की त्यावरही सेन्सॉरची कात्री चालली. ज्या शहरात ते चित्रण झालं, तिथल्या प्रेक्षकाने सिनेमातल्या रक्ताकडे नुसतं ‘शी’ म्हणून बघू नये. ते कशासाठी दाखवलंय, असा प्रश्न विचारावा. इथे रक्त बहुतेक वेळा अतिशयोक्तीचं, हसवण्यासाठी आहे. छळछावणीत ते तसं नाही, आणि हा फरक दिग्दर्शकाने मुद्दाम राखलाय.

इंग्रजीत बघावा की हिंदीत?

पहिला इंग्रजीत, सबटायटलं लावून. रेनॉल्ड्स भराभर बोलतो, एका दमात तीन विनोद करतो, आणि नुसत्या कानाने त्यातला एक हमखास सुटतो. सबटायटलांचा आकार मध्यम ठेवा. मोठा ठेवलात तर विनोदाचा शेवट तो बोलायच्या आधीच वाचून होतो आणि मजा जाते.

दुसऱ्या भागाला हिंदीत रणवीर सिंगने आवाज दिलाय आणि तो स्वतंत्रपणे ऐकण्यासारखा आहे, कारण संदर्भही भारतीय केलेत. मुखवट्यामुळे ओठ दिसत नाहीत, म्हणून डबिंग करणाऱ्याला ओठांशी शब्द जुळवायची कटकट नाही. मूळ इंग्रजीतही चित्रीकरणानंतर कितीतरी वाक्यं बदलून भरलीत ती याच सोयीने. मुखवट्याचे पांढरे डोळे बारीक-मोठे होतात, भुवया उडवल्यासारखे हलतात, ते नंतर संगणकावर केलंय. आवाज आणि डोळे एवढ्यावर सगळा अभिनय पोचतो, हे एकदा लक्ष देऊन बघा.

गोळ्यांचा आवाज वाड्याला ऐकू जातो आणि बोलणं मात्र कळत नाही. टीव्ही बिघडलाय का?

टीव्ही ठीक आहे. असे चित्रपट सहा वाहिन्यांसाठी मिसळलेले असतात आणि बोलणं प्रामुख्याने मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. टीव्हीला मधला स्पीकरच नसतो. सगळं दोनांत कोंबलं की बोलणं दबतं आणि स्फोट वर येतो. मग आपण आवाज वाढवतो, पुढच्या क्षणी गोळ्या सुटतात, आणि शेजारच्या काकू दार वाजवतात.

ॲपमध्ये ऑडिओचे पर्याय असतील तर ‘५.१’ (म्हणजे त्या सहा वाहिन्या) सोडून स्टिरिओ निवडा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये कृत्रिम सराउंड बंद करा, आणि ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तशा नावाचा बोलणं उठावदार करणारा पर्याय चालू करा. रात्री बघत असाल तर ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावा, त्याने सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक आवाज जवळ येतात. साउंडबारला मधला स्पीकर असेल तर फक्त तोच दोन-तीन अंशांनी वाढवा. सर्वात खात्रीचा उपाय हेडफोन, आणि शिव्यांचं प्रमाण बघता वाड्यात तो बराच उपयोगी पडतो.

चित्र फार गुळगुळीत, सिरियलसारखं दिसत असेल तर टीव्हीतली मोशन स्मूदिंगची सोय बंद करा. कंपनीगणिक तिचं नाव वेगळं असतं, पण बहुतेक वेळा त्यात ‘मोशन’ हा शब्द असतोच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो आणि मारामारीचा सगळा जोर जातो.

विनोद कळायला आधी काय माहीत हवं?

पाच मिनिटांची तयारी पुरते. रेनॉल्ड्सने हेच पात्र २००९ मध्ये, एक्स-मेनमधल्या वुल्व्हरिन या नायकावरच्या चित्रपटात केलं होतं आणि तिथे शेवटी त्याचं तोंडच शिवून टाकलं होतं. बडबड हाच ज्याचा प्राण, त्याचं तोंड शिवणं म्हणजे चाहत्यांच्या मते पापच. त्याच्यावर टोमणे येतात. वुल्व्हरिन म्हणजे ह्यू जॅकमन, २००० पासून. त्याचाही उद्धार होतो. एक्स-मेनचा प्रमुख प्रोफेसर एक्स, त्याचं काम वेगवेगळ्या चित्रपटांत पॅट्रिक स्ट्यूअर्ट आणि जेम्स मॅकअव्हॉय या दोघांनी केलंय, म्हणून प्रोफेसरचं नाव निघताच डेडपूल ‘कुठला?’ असं विचारतो. हात कापण्याच्या वेळी ‘१२७ अवर्स’चं नाव येतं. तो २०१० चा चित्रपट, दगडात हात अडकलेल्या गिर्यारोहकाची खरी गोष्ट. संगीत आपल्या रहमानचं.

टॅक्सीत हिंदी गाणं वाजतं ते खरंच आपलं आहे?

आपलंच. ‘मेरा जूता है जापानी’, १९५५ च्या ‘श्री ४२०’ मधलं, मुकेशचा आवाज. टॅक्सी चालवणारा दोपिंदर, म्हणजे दिल्लीत जन्मलेला करण सोनी. त्याचं एक प्रेमप्रकरण चालू आहे, चुलतभाऊ आडवा येतोय, आणि डेडपूल मारामारीला निघालेला असताना त्याला सल्ले देत बसतो. उतरताना पैसे देत नाही, टाळी देतो. दुसऱ्या भागात ‘स्वदेस’मधलं ‘यूं ही चला चल’ वाजतं. भारतीय माणूस म्हणजे फक्त उच्चाराची टिंगल, असं हॉलिवूडमध्ये फार वेळा झालंय. इथे दोपिंदरचीही थट्टा आहे, पण त्याला स्वतःची गोष्ट आहे.

एवढा गाजला, मग खर्चही अफाट असेल?

उलट. जवळपास ५ कोटी ८० लाख डॉलर. एक्स-मेनच्या घराण्यातल्या मोठ्या चित्रपटांना २० कोटींच्या आसपास लागत होते. कंपनीचा विश्वासच नव्हता. २०१२ मध्ये चाचणी म्हणून काही मिनिटांचं चित्रण करून ठेवलं, ते तसंच पडून राहिलं. जुलै २०१४ मध्ये ते इंटरनेटवर फुटलं, लोकांनी डोक्यावर घेतलं आणि मग पैसे सुटले. तेही ऐनवेळी कमी केले. शेवटच्या लढाईला निघताना डेडपूल हत्यारांची पिशवी टॅक्सीत विसरतो ना, ती खर्च वाचवायची युक्ती होती. बंदुकांची महागडी लढाई लेखकांनी एका विसराळूपणात उडवली, आणि तो विनोद पात्राला शोभून गेला. हायवेवरही त्याच्याकडे बाराच गोळ्या असतात, प्रत्येक गोळी तो मोजतो, म्हणून प्रत्येक गोळीला किंमत येते.

जगभरात ७८ कोटी डॉलरच्या वर मिळवले. गोल्डन ग्लोबला विनोदी-संगीत गटात चित्रपट आणि नट अशी दोन नामांकनं मिळाली.

कुठे कमी पडतो?

खलनायकात. फ्रान्सिसला वेदना होत नाहीत, एवढ्यापलीकडे त्याला काही दिलेलं नाही. व्हेनेसा पहिल्या भागात इतकी जिवंत आहे की शेवटी तिला पळवून नेण्यापुरतं ठेवलेलं खटकतं. नेगासॉनिक टीनेज वॉरहेड ही एक्स-मेनमधली कमी बोलणारी, सतत फोनमध्ये बघणारी पोरगी मात्र थोड्या वेळात भाव खाऊन जाते.

पुढचे भाग कुठल्या क्रमाने?

पहिला २०१६, दुसरा २०१८, तिसरा ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ २०२४. थेट तिसऱ्यापासून सुरू करू नका. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्स, म्हणजे पहिले दोन भाग काढणारी कंपनी, घेतली, आणि तिसऱ्याचे निम्मे विनोद त्या सौद्यावर आणि फॉक्सच्या जुन्या पात्रांवर आहेत. तिसऱ्याच्या आधी ‘लोगन’ (२०१७) बघाच, कारण पहिलाच प्रसंग त्याच्या शेवटाशी जोडलेला आहे. ‘लोकी’ मालिकेचा पहिला सीझन बघितला असेल तर तिसऱ्या भागातली काळाचं खातं चालवणारी कचेरी लगेच कळते. नसेल तरी निभतं. दुसऱ्याची सुरुवात अनपेक्षित जड आहे, तिथे घाबरून थांबू नका.

मंडळाच्या हॉलमध्ये किंवा हॉस्टेलवर प्रोजेक्टरने दाखवू का?

नको. ओटीटीची वर्गणी घरगुती बघण्यासाठी असते. जाहीर प्रदर्शनाला हक्क असलेल्या वितरकाची परवानगी लागते, तिकीट लावलं नाही तरी. त्यात हा ‘ए’चा, आणि मंडळाच्या हॉलवर पोरं येणारच.

शेवटी नावं सुरू झाली की उठायचं का?

थांबा. नावं संपल्यावर डेडपूल आंघोळीच्या गाउनमध्ये येतो आणि ‘अजून इथेच? घरी जा’ म्हणून प्रेक्षकांना हाकलतो. १९८६ च्या ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या चित्रपटाच्या शेवटाची ती नक्कल आहे. मग परत डोकावून पुढच्या भागात कोण येणार ते सांगतो. ओटीटीवर नावं सुरू झाली की ॲप चित्र कोपऱ्यात छोटं करून दुसरंच काहीतरी लावायला बघतं. तेव्हा रिमोटने त्या छोट्या चौकटीवर जाऊन ओके दाबा, म्हणजे पडदा परत भरतो.